कागद कोणाच्या हाती? वृत्तपत्रस्वातंत्र्याचा एक विसरलेला हिशोब

आजचा विषय वृत्तपत्रस्वातंत्र्याचा आहे, पण सुरुवात आपण एका अगदी साध्या वस्तूपासून करणार आहोत. कागदापासून.

दरवर्षी ६ जानेवारीला आपल्याकडे पत्रकार दिन साजरा होतो. १८३२ साली याच तारखेला बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं. त्या दिवशी गावोगावी भाषणं होतात. जांभेकरांनंतर लगेच टिळक येतात, ‘केसरी’चे अग्रलेख येतात, १९०८ चा राजद्रोहाचा खटला आणि मंडालेचा तुरुंग येतो. हे सगळं यायलाच हवं. पण ते ऐकून ऐकून आपल्या मनात एक चित्र पक्कं बसलं आहे. एका बाजूला संपादकाची लेखणी, दुसऱ्या बाजूला सरकारचा तुरुंग, आणि स्वातंत्र्य म्हणजे या दोघांमधली झुंज.

आता जरा छापखान्यात जाऊन बघा. संपादकाने अग्रलेख लिहून दिला. तो वाचकाच्या हातात पडेपर्यंत काय काय लागतं? कागदाची रिळं लागतात. वीज लागते. कुठे नोंदणी लागते, काही देशांत परवाना लागतो. अंकाची किंमत बहुतेक वेळा छपाईच्या खर्चापेक्षा कमी असते, म्हणून जाहिराती लागतात. यातली एकेक गोष्ट कोणाच्या ना कोणाच्या ताब्यात असते. आणि ती ज्याच्या ताब्यात असते, त्याला अग्रलेख खोडण्याची गरजच पडत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर जे देश स्वतंत्र झाले, किंवा हुकूमशाहीतून बाहेर पडून लोकशाहीकडे निघाले, त्यांच्यापुढे एक पेच होता. वृत्तपत्रं वाढायला हवीत, छोटी वृत्तपत्रं जगायला हवीत. पण त्यांच्याकडे पैसा नाही, देशात कागद नाही. मग मदत कोणी करायची? सरकारने. आणि सरकारने मदत केली की तिची दोरी कोणाच्या हातात राहते? या एका प्रश्नाचा माग आपण आज काढणार आहोत. आधी आपल्याच देशात, मग मेक्सिकोत, इंडोनेशियात आणि नामिबियात.

परकं सरकार आणि आपलं सरकार

इंग्रजांच्या काळात गोष्ट सरळ होती. १८७८ साली लॉर्ड लिटनने देशी भाषांतल्या वृत्तपत्रांसाठी वेगळा कायदा केला. इंग्रजी वृत्तपत्रांना तो लागूच नव्हता. १९१० च्या कायद्याने छापखान्यांकडून जामीनरक्कम घ्यायला सुरुवात केली. मजकूर आवडला नाही की रक्कम जप्त. सरकार परकं होतं, त्याला आपली वृत्तपत्रं नको होती, आणि हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं.

१९४७ नंतर सरकार आपलं झालं. त्याला वृत्तपत्रं हवी होती. घटनेच्या एकोणिसाव्या कलमाने भाषण आणि अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य दिलं. त्यात वृत्तपत्रांचा वेगळा उल्लेख नाही, पण ‘क्रॉसरोड्स’ या मुंबईहून निघणाऱ्या साप्ताहिकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५० सालीच सांगून टाकलं की अभिव्यक्तीत प्रसार येतो. मद्रास सरकारने या साप्ताहिकाला आपल्या प्रांतात यायला बंदी केली होती. न्यायालयाचं म्हणणं असं की लिहिण्याचं स्वातंत्र्य आहे आणि वाचकापर्यंत पोहोचण्याचं नाही, तर त्या स्वातंत्र्याला अर्थ काय? पुढच्याच वर्षी पहिली घटनादुरुस्ती होऊन सार्वजनिक सुव्यवस्थेचं कारण निर्बंधांच्या यादीत घातलं गेलं. तो वाद आज बाजूला ठेवू. ‘प्रसार हा अभिव्यक्तीचाच भाग’ हे सूत्र मात्र लक्षात ठेवा. पुढे ते कामी येणार आहे.

कागदाची टंचाई

वर्तमानपत्राचा कागद म्हणजे न्यूजप्रिंट. स्वस्त, हलका, लाकडाच्या लगद्यापासून केलेला. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा तो आपल्या देशात तयारच होत नव्हता, सगळा बाहेरून येत होता. महायुद्धाच्या काळात आयात रोडावली आणि कागदावर सरकारी नियंत्रण आलं. युद्ध संपलं तरी परकीय चलनाची तंगी होती, त्यामुळे नियंत्रण राहिलं.

भुसावळहून खंडव्याकडे रेल्वेने गेलात तर वाटेत नेपानगर लागतं. तिथली गिरणी ही देशातली न्यूजप्रिंटची पहिली गिरणी. १९५५ साली तिथे उत्पादन सुरू झालं आणि १९५६ साली पंडित नेहरूंनी ती राष्ट्राला अर्पण केली. सालईचं लाकूड आणि बांबू यांपासून तिथे कागद होत असे. १९८० च्या दशकापर्यंत न्यूजप्रिंट करणारी देशातली ही एकमेव गिरणी होती. म्हणजे उरलेला कागद आयातीचा, आयातीला परवाना, आणि परवाना दिल्लीत. कोणत्या वृत्तपत्राला किती टन कागद मिळणार, हे ठरवणारा माणूस सरकारी कचेरीत बसत होता. त्याचा हेतू वाईट होता असं आम्ही म्हणत नाही. वस्तू कमी असेल तर वाटप कोणीतरी करायलाच लागतं. पण वाटप करणारा आणि ज्याच्यावर टीका व्हायची तो, दोघे एकच.

याच काळात न्या. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली पहिला वृत्तपत्र आयोग नेमला गेला. १९५४ साली आयोगाने अहवाल दिला. वृत्तपत्रांचे निबंधक, पत्रकारांसाठी सेवाशर्तींचा कायदा, वृत्तपत्र परिषद, अशा पुढे प्रत्यक्षात आलेल्या अनेक गोष्टींचं मूळ त्या अहवालात आहे. आयोगाला एक खरी चिंता होती. मोठ्या शहरांतली धनवान वृत्तपत्रं जाहिरातींच्या बळावर थोड्या पैशांत भरपूर पानं देतात. जिल्ह्याच्या गावातलं चार पानांचं वृत्तपत्र त्यांच्यापुढे टिकणार कसं? आयोगाने उपाय सुचवला: पानं आणि किंमत यांचं कोष्टक करा. जास्त पानं द्यायची असतील तर जास्त किंमत घ्या. त्यावरून १९५६ साली संसदेने कायदा केला आणि १९६० साली सरकारने दैनिकांसाठी तसा आदेश काढला.

‘सकाळ’चा हिशोब

आता पुण्याकडे येऊ. डॉ. नानासाहेब परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी सुरू केलेला ‘सकाळ’ तेव्हा सात नव्या पैशांना मिळायचा. आठवड्यातले पाच दिवस सहा पानं, एक दिवस चार पानं. रविवारचा अंक वेगळा. पाच सक्कं तीस आणि चार, म्हणजे सहा दिवसांची चौतीस पानं. सरकारी कोष्टकाप्रमाणे सात नव्या पैशांत सहा दिवसांची फक्त चोवीस पानं देता येत होती. चौतीस द्यायची तर किंमत आठ नवे पैसे करायला हवी.

एक नवा पैसा! आज हसू येईल. पण तेव्हा ‘सकाळ’चा खप रोजचा बावन्न हजारांच्या आसपास होता, आणि ज्याच्या घरी पै-पैचा हिशोब चालतो त्याला तो पैसाही जाणवतो. किंमत वाढवली तर वाचक गळणार. किंमत ठेवली तर आठवड्याला दहा पानं जाणार, म्हणजे त्या पानांवरच्या बातम्या, बाजारभाव, वाचकांची पत्रं जाणार. ‘काय छापू नका’ असं सरकारने एका अक्षरानेही सांगितलेलं नव्हतं. तरीही निवड एवढीच उरत होती: कमी लोकांना सांगा, नाहीतर कमी सांगा.

‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याच्याबरोबर दोन वाचकही गेले, आणि आम्हाला ही गोष्ट फार मोलाची वाटते. वृत्तपत्राची पानं कमी झाली तर नुकसान मालकाइतकंच आपलंही आहे, हे त्या दोघांना कळलं होतं.

सरकारची बाजू अशी होती की आम्ही विचारांना हात लावलेला नाही. आम्ही फक्त व्यवसायाचं नियमन करतो आहोत, गैरवाजवी स्पर्धा थांबवतो आहोत, छोट्यांना संरक्षण देतो आहोत. २५ सप्टेंबर १९६१ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला. तो लिहिला न्या. मुधोळकरांनी. निकालाचं सार असं. अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यात मजकूर किती द्यायचा आणि किती लोकांपर्यंत पोहोचायचं हे दोन्ही येतं. धंद्यावर लोकहितासाठी बंधनं घालता येतात, पण अभिव्यक्तीवर घालायची बंधनं घटनेने मोजून सांगितली आहेत आणि ‘लोकहित’ हे मोघम कारण त्यांत नाही. त्यामुळे धंद्याच्या नियमाचा आडोसा घेऊन अभिव्यक्तीवर घाव घालता येणार नाही. एकाचं स्वातंत्र्य वाढवायला दुसऱ्याचं कापायचं, हे चालणार नाही. कायद्याचं ते कलम आणि आदेश दोन्ही रद्द झाले.

इथे टाळ्या वाजवून थांबता आलं असतं. पण राजाध्यक्ष आयोगाचा प्रश्न सुटला का? जिल्ह्यातल्या त्या चार पानी वृत्तपत्राचं काय झालं? ‘सकाळ’ जिंकला हे चांगलंच झालं, पण ते छोटं वृत्तपत्र होतं तिथेच राहिलं. हा प्रश्न पुन्हा वर येणारच होता.

दहा पानांची मर्यादा

तो आला १९७२ साली. तोवर कागदाचा कोटा, त्याची वर्षावर्षाची धोरणं, हे सगळं अंगवळणी पडलं होतं. १९७२-७३ च्या धोरणात सरकारने दैनिकांना दहा पानांची मर्यादा घातली. मिळालेल्या कोट्यातच काटकसर करून एखाद्या मालकाला नवं वृत्तपत्र किंवा नवी आवृत्ती काढायची असेल, तर तीही काढता येणार नव्हती. म्हणजे कागद तुमच्या गोदामात पडलेला आहे, त्याचे पैसे तुम्ही मोजलेले आहेत, पण त्याचं काय करायचं ते सरकार ठरवणार. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ चालवणारी बेनेट कोलमन कंपनी आणि इतर मोठी वृत्तपत्रं न्यायालयात गेली.

३० ऑक्टोबर १९७२ चा हा निकाल. चार विरुद्ध एक. बहुमताच्या वतीने न्या. रे यांनी म्हटलं की आयात किती करायची हे सरकारने जरूर ठरवावं, पण कागदाच्या नियंत्रणाआडून वृत्तपत्राचं नियंत्रण करता येणार नाही. धोरणातल्या त्या अटी रद्द झाल्या.

त्या निकालातलं एकट्याचं वेगळं मतही वाचण्यासारखं आहे. न्या. मॅथ्यू यांनी विचारलं, अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य फक्त बोलणाऱ्याचं असतं का? समाजाला वेगवेगळी मतं ऐकायला मिळायला हवीत, हाही त्याचाच भाग नाही का? कागद मुळातच मर्यादित असेल आणि तो सगळा मोजक्या मालकांकडे गेला, तर बाकीच्यांनी बोलायचं कशावर? आम्हाला विचाराल तर १९७२ च्या धोरणाबद्दल बहुमत बरोबर होतं. पण मॅथ्यूंचा प्रश्न चुकीचा नव्हता. सरकारपासून मोकळीक आणि आवाजांची विविधता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक मिळाली की दुसरी आपोआप मिळते असं नाही.

जून १९७५

आणीबाणीची गोष्ट आपल्याला सेन्सॉरच्या निळ्या-लाल पेन्सिलीसकट आठवते. पण तिची सुरुवात पेन्सिलीने झाली नव्हती. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावरची वीज गेली. राजधानीतली बरीच वृत्तपत्रं त्या रस्त्यावर छापली जात. कॅनॉट प्लेस भागातल्या ‘हिंदुस्थान टाइम्स’ आणि ‘स्टेट्समन’ यांची वीज दुसऱ्या यंत्रणेकडून येत होती, ते निघाले. सेन्सॉरचा कारभार नीट सुरू होण्याआधी विजेच्या एका खटक्याने काम झालं होतं.

पुढच्या एकोणीस-वीस महिन्यांत हीच रीत पुन्हा पुन्हा दिसते. चार वृत्तसंस्था एकत्र करून १९७६ साली ‘समाचार’ नावाची एकच संस्था झाली, म्हणजे बातमीच्या नळाला एकच तोटी. सरकारी जाहिराती कोणाला द्यायच्या आणि कोणाच्या बंद करायच्या, हे वागणुकीवर ठरायला लागलं. वृत्तपत्र परिषद बरखास्त झाली.

आणि प्रतिकार कोणी केला? ‘इंडियन एक्स्प्रेस’सारखं मोठं वृत्तपत्र लढलं, हे खरं आहे. पण न्यायालयाची पायरी चढणाऱ्यांत छोटी नियतकालिकंही होती. मिनू मसानींचं ‘फ्रीडम फर्स्ट’ हे मुंबईचं लहानसं मासिक. सेन्सॉरने त्यांचा मजकूर अडवला, ते उच्च न्यायालयात गेले, आणि फेब्रुवारी १९७६ मध्ये न्या. मादन आणि न्या. कनिया यांनी आणीबाणी चालू असतानाच सांगितलं की सरकारशी असहमती दाखवणं हा गुन्हा नाही. पुण्याच्या ‘साधना’ साप्ताहिकानेही न्यायालयाचं दार ठोठावलं. ज्यांना टिकवायचं कसं याची चिंता राजाध्यक्ष आयोगाने केली होती, त्यांच्याच जातकुळीतली ही पत्रं होती. ती टिकायला हवीत असं आयोगाला का वाटलं, याचं उत्तर इथे मिळतं.

एक गोष्ट इथे नोंदवू. सेन्सॉरचा हुकूम लेखी असतो, त्याला न्यायालयात आव्हान देता येतं. कागदाचा ट्रक दोन दिवस उशिरा आला, जाहिरातीचं बिल सहा महिने अडकलं, तर आव्हान कशाला द्यायचं?

मेक्सिकोचा स्वस्त कागद

हे दुखणं फक्त आपलं नव्हतं. मेक्सिकोत १९३० च्या दशकात कागदाच्या बाजारावर सान राफाएल या खासगी कंपनीची पकड होती. प्रकाशक वाढीव किमतींनी बेजार झाले होते. १९३५ साली राष्ट्राध्यक्ष लाझारो कार्देनास यांनी ‘पिप्सा’ ही सरकारी कंपनी काढली. तिने कागद आयात करायचा, बनवायचा आणि वृत्तपत्रांना स्वस्तात, उधारीवर द्यायचा. हेतू चांगला होता, आणि वृत्तपत्रांचीच ती गरज होती.

पण उधारी म्हणजे काय, हे आपल्याला सांगायला नको. सावकार रोज दारात येत नाही, तरी त्याची आठवण रोज राहते. बहुतेक वृत्तपत्रांचं पिप्साकडे देणं असायचं आणि ते वसूल करायचं की नाही, कधी करायचं, हे सरकार ठरवायचं. मेक्सिकोत एकाच पक्षाचं राज्य अनेक दशकं चाललं; कागदावर सेन्सॉर नव्हता, आणि तरी वृत्तपत्रं बहुतेक वेळा शहाण्यासारखी वागली. याहून बोलकी गोष्ट पुढची आहे. १९६५ च्या सुमाराला पिप्साची मुदत संपत आली तेव्हा ती चालू ठेवा म्हणून प्रकाशकच पुढे आले. १९९० च्या आसपास सरकारने ती विकायची तयारी दाखवली, तेव्हाही अनेकांनी नको म्हटलं. स्वस्त कागदाची सवय लागली होती.

ज्यांनी सवय मोडली त्यांचं काय झालं? ‘एक्सेल्सिओर’ हे तिथलं मोठं दैनिक सहकारी संस्थेच्या मालकीचं होतं. संपादक हुलिओ शेरेर गार्सिया यांच्या काळात ते सरकारवर टीका करू लागलं. जुलै १९७६ मध्ये सदस्यांच्या सभेत शेरेर यांना बाहेर काढण्यात आलं, आणि त्यामागे राष्ट्राध्यक्ष एचेवेर्रिया यांच्या सरकारचा हात होता असं मानलं जातं. सहकारी संस्थेची सभा कशी करवून घेता येते, हे महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना आम्ही काय सांगावं! शेरेर आणि त्यांच्या साथीदारांनी त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘प्रोसेसो’ हे साप्ताहिक काढलं. १९८२ साली सरकारने त्याच्या जाहिराती थांबवल्या. राष्ट्राध्यक्षांचा सूर असा की जो आपल्याला मारतो त्याला पैसे का द्यायचे? ‘प्रोसेसो’ टिकलं, कारण वाचक पैसे मोजून ते विकत घेत होते. कागदाची दोरी, मग जाहिरातीची दोरी. वाचकाचा पैसा हातात असेल तेव्हाच ती दोरी सैल पडते.

इंडोनेशियाचा धंद्याचा परवाना

‘आम्ही फक्त व्यवसायाचं नियमन करतो’ हा सरकारी युक्तिवाद ‘सकाळ’च्या खटल्यात आपण ऐकला. तो न्यायालयाने अडवला नसता तर काय होऊ शकलं असतं, हे बघायला इंडोनेशियात जावं लागेल.

सुहार्तो यांच्या राजवटीत १९८२ च्या कायद्यात वृत्तपत्रांवर बंदी घालता येणार नाही असं लिहिलेलं होतं. पण प्रकाशनाचा धंदा करायला परवाना लागत होता, आणि १९८४ च्या एका मंत्रालयीन नियमाने माहिती मंत्र्याला तो परवाना काढून घेता येत होता. बंदी नाही, फक्त परवाना रद्द!

‘टेम्पो’ हे तिथलं नावाजलेलं साप्ताहिक, संपादक गुनावान मोहमद. पूर्व जर्मनीची ३९ जुनी युद्धनौका-जहाजं सरकार विकत घेत होतं. त्या खरेदीच्या खर्चावरून मंत्र्यांमध्येच मतभेद झाले होते, आणि व्यवहार होता संशोधनमंत्री हबीबी यांच्या पुढाकाराचा. ‘टेम्पो’ने ते छापलं. २१ जून १९९४ रोजी ‘टेम्पो’, ‘डेटिक’ आणि ‘एडिटर’ या तिन्ही पत्रांचे परवाने गेले. पत्रकार रस्त्यावर उतरले. सरकारमान्य संघटना गप्प राहिली म्हणून ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतंत्र पत्रकारांची वेगळी संघटना काढली. मोहमद न्यायालयात गेले. खालच्या दोन न्यायालयांत जिंकले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात हरले. ‘सकाळ’ला जो न्याय मिळाला तो त्यांना मिळाला नाही.

मग इतिहासाने एक वळण घेतलं. २१ मे १९९८ रोजी सुहार्तो पायउतार झाले आणि राष्ट्राध्यक्ष झाले तेच हबीबी. त्यांच्याच कारकिर्दीत परवान्याची पकड सैल झाली, ऑक्टोबर १९९८ मध्ये ‘टेम्पो’ पुन्हा निघालं, आणि १९९९ च्या नव्या कायद्याने परवाना पद्धत संपवली. वृत्तपत्राच्या कामात आडकाठी करणं हाच गुन्हा ठरला. त्याच वर्षी पुढच्या राष्ट्राध्यक्षांनी माहिती मंत्रालयच बंद करून टाकलं.

स्वातंत्र्याच्या पहिल्या लाटेत शेकडो नवी पत्रं निघाली आणि त्यांतली पुष्कळ लवकरच बंदही पडली. पुढे प्रसारमाध्यमांचा मोठा हिस्सा थोड्या उद्योगसमूहांकडे गेला, आणि त्यांतल्या काही मालकांनी स्वतःचे राजकीय पक्षही काढले. म्हणजे न्या. मॅथ्यूंचा प्रश्न जकार्तामध्येही हजर होता.

विंडहुकचा जाहीरनामा

३ मे हा जागतिक वृत्तपत्रस्वातंत्र्य दिन म्हणून पाळला जातो. ही तारीख आली आफ्रिकेतून. नामिबिया १९९० साली स्वतंत्र झाला, आणि पुढच्याच वर्षी त्याची राजधानी विंडहुक इथे आफ्रिकी पत्रकारांची परिषद भरली. ३ मे १९९१ रोजी तिथे जाहीरनामा मंजूर झाला. त्यात स्वतंत्र वृत्तपत्र म्हणजे काय, याची व्याख्या करताना सरकारी, राजकीय आणि आर्थिक नियंत्रणापासून मोकळीक एवढंच लिहून ते थांबले नाहीत. छापण्यासाठी आणि पोहोचवण्यासाठी जे साहित्य आणि ज्या यंत्रणा लागतात, त्यांच्या नियंत्रणापासूनही मोकळीक हवी असं त्यांनी घातलं. आणि विविधतेची व्याख्या करताना कोणत्याही प्रकारची मक्तेदारी नको असं म्हटलं. सरकारची नको, तशी खासगीही नको. मुधोळकर आणि मॅथ्यू, दोघांचंही म्हणणं एकाच कागदावर आलेलं दिसतं. ज्यांनी कागदाची वाट बघत रात्री काढल्या असतील, त्यांनाच हे कलम सुचतं.

पण जाहीरनाम्याने दोरी सुटत नाही. ‘द नामिबियन’ हे वृत्तपत्र ग्वेन लिस्टर यांनी १९८५ साली, दक्षिण आफ्रिकेच्या ताब्याच्या काळात सुरू केलं. स्वातंत्र्याच्या बाजूने उभं राहिलं म्हणून त्याच्या कचेरीवर हल्ले झाले. स्वातंत्र्यानंतर ते नव्या सरकारवरही टीका करू लागलं. २००० सालच्या अखेरीस मंत्रिमंडळाने ठरवलं की या वृत्तपत्राला सरकारी जाहिरात द्यायची नाही, आणि पुढे सरकारी पैशाने त्याचा अंक विकत घेण्यावरही बंदी आली. ज्या देशात तो जाहीरनामा झाला त्याच देशात ही बंदी २०११ पर्यंत टिकली. ‘द नामिबियन’ही टिकलं. वाचक आणि खासगी जाहिरातदार त्याच्याबरोबर राहिले.

मग मदत करायचीच नाही का?

तुम्ही म्हणाल, याचा अर्थ सरकारने वृत्तपत्रांना मदतच करू नये. आम्ही असं म्हणणार नाही. टपालात वृत्तपत्रांना सवलत आहे, ती जुनी आहे, आणि तिने कितीतरी साप्ताहिकं खेड्यापाड्यांत पोहोचवली. ती सवलत चांगली ठरते, कारण नोंदणी झाली की ती सगळ्यांना सारखीच मिळते. पोस्टमन अग्रलेख वाचून तिकीट मागत नाही.

म्हणून अशी कुठलीही मदत समोर आली की तीन प्रश्न विचारावेत. पहिला: ती नियमाने मिळते की मर्जीने? दुसरा: ती एकाला वर उचलते, की त्यासाठी दुसऱ्याला खाली दाबते? १९६० चं कोष्टक सगळ्यांना सारखंच होतं, पण ते या दुसऱ्या प्रश्नाला नापास झालं. आणि तिसरा: उद्या ती बंद झाली तर तिच्यावाचून जगता येईल इतके वाचक आपल्याजवळ आहेत का? मेक्सिकोतल्या प्रकाशकांनी तिसरा प्रश्न स्वतःला विचारला नाही. ‘प्रोसेसो’ने विचारला.

आपल्याकडे १९९० च्या दशकात न्यूजप्रिंटची आयात खुली झाली आणि कोट्याची कहाणी संपली. पण कागदाची जागा दुसऱ्या गोष्टींनी घेतली आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये इंटरनेट आणि फोन बंद झाले. ‘काश्मीर टाइम्स’च्या संपादक अनुराधा भसीन न्यायालयात गेल्या. त्यांचं म्हणणं असं की बातमी येत नाही, जात नाही, अंक काढायचा कसा? १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की इंटरनेटवरून केलेल्या अभिव्यक्तीलाही घटनेचं संरक्षण आहे, अनिश्चित काळासाठी ते बंद ठेवता येणार नाही, आणि असे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत. ‘क्रॉसरोड्स’पासून चालत आलेलं सूत्र इथे पुन्हा भेटतं: पोहोचता येत नसेल तर बोलण्याला अर्थ नाही. निकालानंतरही तिथली वेगवान इंटरनेट सेवा पूर्ववत व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडला, हेही सांगायला हवं. न्यायालयात जिंकलेली गोष्ट दारात यायला वेळ लागतो.

पुढच्या ६ जानेवारीला जांभेकरांच्या प्रतिमेला हार घालताना आणि टिळकांचं नाव घेताना, ‘सकाळ’बरोबर दिल्लीपर्यंत गेलेल्या त्या दोन वाचकांचीही आठवण ठेवू या. एका नव्या पैशाचा आणि दहा पानांचा हिशोब आपला आहे, असं त्यांना वाटलं होतं.

पुढच्या व्याख्यानात आपण कागदाकडून हवेकडे जाऊ. नभोवाणी आणि दूरदर्शनच्या लहरी कोणाच्या मालकीच्या, हा तो विषय. आज इथे थांबतो.